मदत हवी आहे: काचबिंदूचे थेंब आणि आईचा दमा

माझ्या आईला काचबिंदूसाठी टिमोलॉल 0.5 टक्के हे थेंब दिवसातून दोन वेळा दिले आहेत. मात्र तिला जुना दमा आहे, हे डॉक्टरांना सांगायचे आमच्याकडून राहून गेले. हे औषध अश्रुनलिकेतून नाकात व तेथून रक्तात उतरून श्वासनलिका आकुंचित करू शकते, असे माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत वाचले आणि चार रात्रींपासूनच्या तिच्या कोरड्या खोकल्याने मी धास्तावलो. डॉक्टरांना लगेच कळवले. त्यांनी थेंब थांबवून उद्या बोलावले आहे. दमा असलेल्या कोणाला लॅटॅनोप्रॉस्ट हे काचबिंदूचे दुसरे थेंब दिले आहेत का? त्यातील बेंझाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकाने (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनाने) डोळे चुरचुरतात का, आणि परिरक्षकविरहित थेंब कुठे मिळतात, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.