१०० वॉटच्या परवान्याला ट्रान्समीटर किती वॉटचा?

लहरी: अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या ना-नफा संस्थेच्या लो-पॉवर एफएमला (कमी ताकदीच्या रेडिओ केंद्राला) १०० वॉट ईआरपी मंजूर आहे. अँटेना ३० मीटरवर, अर्धा इंची केबल. १०० वॉटचा ट्रान्समीटर पुरेल का?

तारवाला: नाही. ईआरपी म्हणजे ट्रान्समीटरच्या ताकदीतून केबलमधली घट वजा करून, उरलेल्याला अँटेनाच्या गुणकाने गुणून येणारी ताकद. एका ‘बे’ची (bay, म्हणजे अँटेनाचा एक घटक), आडव्या-उभ्या दोन्ही दिशांत लहरी सोडणारी वर्तुळाकार ध्रुवीकरणाची अँटेना घेतली तर गुणक साधारण ०.४६, आणि केबलमध्ये १५ टक्के जातात. म्हणजे २५५ वॉट लागतील. दोन ‘बे’ची घ्या, गुणक जवळपास १. मग १२० वॉटमध्ये भागतं. वीजबिलही कमी.

अँटेनाप्रेमी: कनेक्टर नीट सील करा, एवढं विसरू नका. पाणी शिरलं की परावर्तित ताकद (अँटेनाकडे न जाता ट्रान्समीटरकडे परत येणारी) वाढते, ट्रान्समीटर स्वतःच आउटपुट खाली आणतो आणि दोष मात्र ट्रान्समीटरवर जातो. अँटेना आजूबाजूच्या जमिनीच्या मानाने सरासरी ३० मीटरपेक्षा उंच गेली तर मंजूर ईआरपीच घटते, हेही तपासा.

लहरी: आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती?

तारवाला: जाहिराती नाहीत. प्रायोजकाचं नाव-पत्ता चालतो. भाव किंवा ‘आजच या’ म्हटलंत की नियमभंग. ईएएस डिकोडर (सरकारी आणीबाणीचे इशारे पकडणारं यंत्र) मात्र बसवावाच लागतो.