जुनी गाडी विकताना भेटलेली खोटी गिऱ्हाइकं: तुमचे अनुभव

कळंबेकर:
काल मेव्हण्यानं अल्टोची जाहिरात ऑनलाइन टाकली आणि चहा निवायच्या आत पहिला फोन. "मैं आर्मी से बोल रहा हूँ, गाडी पसंद है, अ‍ॅडव्हान्स भेजता हूँ." आमची वॅगनआर विकतानाचं सगळं आठवलं. तेव्हाही असाच फौजी, पोस्टिंग म्हणे बेळगावला, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅन्टीन कार्डाचा फोटो. आमचे पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. त्यांनी फोन घेतला आणि एकदम गोड आवाजात, "पलटन कौनसी है बेटा?" तिकडं शांतता. "सेंटर में उस्ताद कौन था?" फोन कट, डीपी गायब. मला शंका आधीच आलेली, कारण गडी किमतीवर बोललाच नाही. हजार-दोन हजारांसाठी तासभर न घासणारं गिऱ्हाईक आपल्या कोल्हापुरात जन्मलंय का? तुम्हाला कोण कोण भेटलं, लिहा.

तालीमवाला:
आमच्याकडं सीआयएसएफवाला आलता. फोटोतली वर्दी मापाची नव्हती 😂

शाहूपुरीची सून:
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. सासऱ्यांना आधी पाच रुपये पाठवले, खरंच आले. मग क्यूआर, "स्कॅन करा, वीस हजार येतील, फक्त पिन टाका". मी मोबाईल ओढूनच घेतला. पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणतात, पाच रुपये तर दिलेच ना त्यानं!

उद्यमनगर फिटर:
खरं गिऱ्हाईक फिटर घेऊन येतंय. थंड इंजिन चालू करायला लावतंय, ऑइलचं झाकण उघडून आत पांढरं साचलंय का बघतंय, दाराचं रबर ओढून वेल्डिंगचे टिपके तपासतंय. खोट्याला गाडी डिझेल का पेट्रोल हेबी ठाव नसतंय. टेस्ट ड्राइव्हला एकट्याला सोडू नका. आणि पैसे टाकले म्हणून स्क्रीनशॉट दाखवला तर आपल्या खात्यातली शिल्लक बघा. मेसेज कोणबी टाईप करतंय.

राजारामपुरीकर:
अल्टो कितवं मॉडेल? किती पळालीय?

कळंबेकर:
अहो धागा विक्रीचा नाही 🙏 व्यनि (खाजगी निरोप) करतो.

टाकळीचा फौजी:
वाचून वाईट वाटतं. आमच्या सैनिक टाकळीत घरटी माणूस सैन्यात. गेल्या सुट्टीत मी खरोखर गाडीसाठी फोन केला, आर्मीत आहे म्हटलं, तर समोरच्यानं शिव्या घालून ठेवला.

तालीमवाला:
अरारा. भावा, पुढच्या वेळी शेतकरी म्हणून सांग.

वैतागलेला विक्रेता:
आमचं गिऱ्हाईक खरं, पैसे रोख, तरी ताप. गाडी त्यानं नावावर करूनच घेतली नाही, आणि फास्टॅग माझा. सकाळी मेसेज किणी टोल, थोड्या वेळानं तासवडे. गडी पुण्याला निघाला हे त्याच्या बायकोआधी मला कळायचं, तेही माझ्या पैशानं! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानंही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० भरून त्याची प्रत आपल्याकडं ठेवा. कागदोपत्री मालक आपण असेपर्यंत अपघाताची भरपाईही आपल्या गळ्यात, सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे तसा.

ताराराणी चौक:
चुलतभावाच्या जाहिरातीत एमएच ०९ ची पाटी स्पष्ट दिसत होती. त्याच नंबरचं चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल (उघडली की फोनात अ‍ॅप बसवणारी) आली. त्यानं उघडली आणि खात्यातनं पैसे जायला लागले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून थोडे तरी अडकवून ठेवता आले. फोटो टाकताना पाटी झाका.

शाहूपुरीची सून:
बाप रे. सासऱ्यांना हे वाचून दाखवते. फास्टॅग बंद केला की डिपॉझिट परत येतं का हो?

वैतागलेला विक्रेता:
येतं. ज्या बँकेचा टॅग तिच्याकडंच अर्ज करायचा. माझं आलं त्या दिवशी पोरांना मिसळ खायला घातली, वरचे पैसे मलाच घालायला लागले.

राजारामपुरीकर:
कळंबेकर, व्यनि आला नाही अजून.