'झुंड' की 'कोर्ट'? नागपूरकराने जवळचा म्हणावा असा पिक्चर कोणता

बर्डीची मॅटिनी
नागपुरात कोणालाही आवडता सिनेमा विचारा, 'झुंड'चं (२०२२, दिग्दर्शक नागराज मंजुळे) नाव निघतंच. वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर बेतलेली गोष्ट, आपल्या वस्त्या, आपली बोली. सगळं मान्य. पण पडद्यावर ओळखीचं दिसलं म्हणून सिनेमा आवडला, हे कारण फार लवकर संपतं.

माझं मत 'कोर्ट'ला (२०१४, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे). घडतो मुंबईत, पण त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले.

आवडीचं कारण मात्र एकच प्रसंग. गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष द्यायला उभी राहते. नवरा मॅनहोलमध्ये खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं समजायचा. वासामुळे प्यायचा. गॅसने एक डोळा गेलेला. सुरक्षेचं सामान काहीच नाही. हे सगळं ती रेशनकार्डाची माहिती द्यावी तसं सांगते. संगीत नाही, डोळ्यांतलं पाणी टिपायला कॅमेरा जवळ जात नाही. खटला कलम ३०६ चा, म्हणजे शाहिराच्या गाण्याने कामगार आत्महत्येला प्रवृत्त झाला असा, आणि या चार उत्तरांतच तो कोसळतो. ते कोणी ओरडून सांगत नाही, आपलं आपल्यालाच कळतं.

गड्डीगोदाम एफसी
भाऊ, ओळखीचं दिसणं हे कारण नाही म्हणता आणि पुढच्याच परिच्छेदात वीराभाऊंचं नागपूर काढता. तुमच्या मापाने तुम्हीच बाद.

'झुंड' आवडायला वस्ती दिसणं पुरेसं नाही, बरोबर. पण त्यातला व्यवहार बघा. सर पोरांना अर्धा तास खेळायचे ५०० रुपये देतात. पोरं रोज येतात, कारण पैसे मिळतात. मग एक दिवस पैसे बंद. आता पोरं खेळतील का, हा प्रश्न पटकथेने आधी नीट पेरलाय. उपदेश करून सुधारलेली पोरं हिंदी सिनेमात ढीगभर आहेत, मजुरी देऊन सवय लावलेली क्वचित.

आणि दुसरा अर्धा भाग, ज्याला सगळे 'लांबला' म्हणतात. टीमला परदेशी स्पर्धेला जायचंय, तर पासपोर्टसाठी आदिवासी पोरीचा बाप ओळखीचा पुरावा शोधत हिंडतो. एका दाखल्यासाठी दुसरा दाखला. सामना जिंकायला लागतो त्याहून जास्त वेळ माणूस असल्याचं सिद्ध करायला लागतो. हे दोन मिनिटांत उरकलं असतं तर नुसती माहिती झाली असती. तीन तासांच्या आसपास लांबी आहे ती उगाच नाही.

बर्डीची मॅटिनी
वीरा साथीदारांबद्दल पकडलंत, मान्य. ते नाव बाजूला ठेवतो.

पण आता कोर्टाविरुद्ध कोर्ट ठेवून बघा. 'झुंड'मध्येही न्यायालयाचा प्रसंग आहे. टीममधल्या अंकुशसाठी सर उभे राहतात आणि लांबलचक बोलतात. भाषण चांगलं आहे, अमिताभ बच्चनचा आवाज आहे, थिएटरात टाळ्या पडतात. पण त्या वेळी अंकुश काय करतो? ऐकतो. तिकडे 'कोर्ट'मध्ये बाई स्वतः बोलते आणि वकील नुसते प्रश्न विचारतात. ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्या तोंडी वाक्य द्यायचं की त्याच्या वतीने मोठ्या माणसाने बोलायचं, माझी आवड इथे ठरते.

गड्डीगोदाम एफसी
हा मुद्दा जड आहे, टाळत नाही. त्या प्रसंगात पोरगं मागे पडतं हे खरं.

पण त्याच बच्चनला नागराज मंजुळेने आंबेडकर जयंतीच्या उत्सवात कुठे उभं केलं ते विसरू नका. बाबासाहेबांच्या भल्यामोठ्या चित्रासमोर, हात जोडून. आजवर ते चित्र हिंदी सिनेमात बहुतेकदा पोलीस ठाण्याच्या किंवा कचेरीच्या भिंतीवर, सामानासारखं. इथे चित्र मोठं आणि सुपरस्टार लहान. १४ एप्रिलला ज्या शहरात रस्ते निळे होतात, तिथल्या माणसाला ही फ्रेम कोणी समजावून सांगावी लागत नाही. स्टार नसता तर ही फ्रेमच झाली नसती. तुम्ही भाषणाचा हिशोब मांडता, तर याचाही मांडा.

इतवारीचा राजाभाऊ
काय राजेहो, दोघंही एवढे गंभीर! आवडता पिक्चर म्हंजे जो चाळीसदा पाहून होते तो. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. आता म्हणाल हा टाइमपास. नाही न बाप्पा. त्याची मशीन पाहा. मालकीणबाई खोली फक्त नवराबायकोले देते, ही एक अट. म्हणून चौघा मित्रांतले दोघं बायका झाले. एक खोटं झाकाले दुसरं, दुसऱ्याले तिसरं, अन् प्रत्येक खोट्याचा हप्ता फेडाले लागते. वसंत सबनीसांच्या संवादांत एक वाक्य इकडचं तिकडं केलं तं पुढचा विनोद पडते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६), पण भाड्याच्या खोलीची धास्ती पक्की आपली. 'कोर्ट' कोणी चाळीसदा पाहीन का?

बर्डीची मॅटिनी
चाळीसदा नाही पाहणार. पण पुन्हा पुन्हा बघवतो तो आवडता, हे एक माप झालं. एकदाच पाहून पुढे गटाराचं झाकण दिसलं की आठवतो, हे दुसरं.

साउंडवाला सदर
वादात पडत नाही, पण 'कोर्ट' कंटाळवाणा म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तो चुकीचा पाहिलेला असतो. लांबून लावलेला स्थिर शॉट फोनवर पाहिला की माणसं मुंग्यांएवढी होतात. मागच्या बाकावर कोण काय करतंय हेच तर त्या शॉटमध्ये बघायचं असतं. म्हणून टीव्हीवरच लावा, आणि आधी सेटिंगमध्ये जा.

पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा (प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, 'मोशन' शब्द शोधा). नाहीतर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. 'ऑटो व्हॉल्यूम'ही बंद. ते चालू असलं की शांत जागी टीव्ही आवाज वर ओढतो, आणि संवाद आला की दाबतो. 'सैराट'च्या शेवटी आवाज काढून घेतलाय, तिथे या सेटिंगला वर ओढायला काही नाही, घरातल्या कूलरची घरघर तेवढी ऐकू येते, पण त्याच्या आधीच्या साध्या घरगुती आवाजांचा तोल नक्की बिघडतो. आणि तो तोल बिघडला की पुढची शांतता बोथट होते. बरं, कूलर बंद करा हे मे महिन्यात नागपुरात सांगणार नाही.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच. 'कोर्ट'मध्ये शेवटच्या सुनावणीनंतर दालन रिकामं होतं, दिवे जातात, पडदा काळा राहतो. लोक संपला समजून बंद करतात. सिनेमा तिथे संपत नाही.

गड्डीगोदाम एफसी
संपायला हवा होता, माझं तर तेच म्हणणं. पुढे न्यायाधीश सुट्टीवर, रिसॉर्टमध्ये. कोणाच्या तरी पोराच्या वाचेच्या अडचणीवर अंगठीचा खडा सुचवतो, बाकावर डुलकी काढतो, पोरं दचकवतात, एकाला थप्पड मारतो. न्यायव्यवस्था कशी झोपली आहे, हे बोट दाखवून सांगितल्यासारखं वाटतं. इतका संयमी दिग्दर्शक शेवटी का घसरला?

बर्डीची मॅटिनी
घसरला नाही. अंधारात संपवला असता तर आपण 'व्यवस्था' नावाच्या भुतावर राग काढून झोपलो असतो. सुट्टीच्या प्रसंगामुळे ती खुर्ची कोणाची आहे ते दिसतं. वाईट माणूस नाही, शेजारच्या फ्लॅटमधला आहे. सरकारी वकील बाईंनाही तसंच दाखवलंय, लोकल, घरचा स्वयंपाक, रविवारी नाटक.

गड्डीगोदाम एफसी
मग 'झुंड'च्या शेवटालाही तेवढीच सवलत द्या. विमान उडतं, टाळ्या घेऊन थांबता आलं असतं. मंजुळेने खालची भिंत फ्रेममध्ये ठेवली, जिच्यावर लिहिलंय की ही भिंत ओलांडायला सक्त मनाई आहे. टीम गेली, भिंत जागेवरच.