मदत हवी आहे: दोल्यो चागी मारताना गुडघ्यात कळ येते, परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे

निळापट्टा:
नमस्कार. तायक्वांदोच्या पुढच्या पट्ट्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे आणि दोल्यो चागी, म्हणजे राउंडहाउस किक, मारताना माझ्या गुडघ्यात कळ येते. पूर्वी असे कधीच झाले नव्हते. माझे वय ४१ आहे, परंतु अडीच वर्षे नियमित सराव सुरू आहे, त्यामुळे "या वयात हे उद्योग कशाला" असे सुचवू इच्छिणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा गाठावा. पूमसे, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, पाठ आहे, बाकीच्या किक व्यवस्थित बसतात, गाडी अडते ती इथेच. शेक, मलम आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा हे तिन्ही उपाय करून झाले आहेत. नेमका इलाज ठाऊक असेल त्यांनीच लिहावे, ही विनंती.

सावकाश:
इलाज सांगण्यापूर्वी गुडघा कोणता ते कळायला हवे. मारणाऱ्या पायाचा दुखतो की जमिनीवर टेकलेल्या पायाचा? कळ गुडघा उचलताना येते, पाय झटकताना येते की परत खाली ठेवताना? सूज आहे का? सराव कोणत्या जमिनीवर करता? यांपैकी एकही गोष्ट प्रश्नात आलेली नाही.

रोजचा_ताण:
गुडघा कोणता हा प्रश्नच गौण आहे. खुबा मोकळा नसला की त्याचा भार गुडघ्यावर येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. मी रोज सकाळी पाय फाकवून बसण्याचा सराव सुरू केला आणि आठ महिन्यांत माझी किक कमरेवरून हनुवटीपर्यंत गेली. धागाकर्त्यांनी आजपासून सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे ताण द्यावा, बाकी सर्व आपोआप सुधारेल.

सावकाश:
आठ महिने आणि तीन आठवडे यांतला फरक आपल्या लक्षात आला असेलच. शिवाय झोपेतून उठल्याउठल्या थंड स्नायूंना जोर लावून ताणणे मला पटत नाही. तसा ताण सराव संपल्यावर, अंग गरम असताना द्यावा. आधी पाय हलते ठेवून, हळूहळू झोके वाढवून अंग मोकळे करणे पुरेसे असते.

निळापट्टा:
उजव्या पायाने मारताना डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. डाव्या पायाने मारतानाही थोडे जाणवते, पण कमी. सराव अर्थातच दोजांगमध्ये, म्हणजे क्लासच्या सराव-हॉलमध्ये, करतो. आता तरी कोणी उपाय सांगेल का?

चोनजी:
आपण कोणत्या परंपरेत शिकता, हे आधी सांगावे, कारण "दोल्यो चागी" या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. तायक्वांदो हे नाव १९५५ मध्ये रूढ झाले, जनरल चोई हाँग ही यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ १९६६ मध्ये स्थापन केला, आणि आज ऑलिंपिकमध्ये जो खेळ दिसतो तो चालवणारी जागतिक संघटना त्यानंतर, १९७३ मध्ये आली. आमच्या, म्हणजे चोई यांच्या महासंघाच्या, पद्धतीत या किकचा आघात प्रामुख्याने चवड्याने होतो, तर स्पर्धेतल्या पद्धतीत पायाच्या वरच्या सपाट भागाने फटका मारतात. ऑलिंपिकच्या नादात मूळ तंत्र पातळ झाले आणि गुडघे बिघडू लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोजचा_ताण:
मत स्पष्ट असले तरी अवांतर आहे. दुखतो आहे तो टेकलेल्या पायाचा गुडघा, आणि आघात चवड्याने झाला की पायाच्या पाठीने, याने त्या गुडघ्याला काय फरक पडतो? तुमच्याकडे सराव करणाऱ्यांचे गुडघे दुखतच नाहीत, असे तर आपले म्हणणे नाही ना?

गुणफलक:
परीक्षेत चांगला ठसा उमटवायचा असेल तर डोक्याच्या उंचीवर किक मारण्याचा सराव करावा. स्पर्धेच्या सध्याच्या नियमांनुसार धडावरच्या साध्या किकला २ गुण मिळतात, डोक्यावरच्या किकला ३, आणि शरीर फिरवून मारल्यास धडावर ४ व डोक्यावर ५. ठोशाला मात्र एकच गुण आहे.

निळापट्टा:
मी स्पर्धेत उतरत नाही. परीक्षेत तेगुक युक जांग, म्हणजे तेगुक मालिकेतले सहावे पूमसे, करून दाखवायचे आहे. कुक्कीवॉनच्या, म्हणजे ऑलिंपिकवाल्या परंपरेच्या सोलमधल्या मुख्य केंद्राच्या, अभ्यासक्रमाप्रमाणे शिकतो, हे मला वाटले की उघडच आहे.

टाच_कुठे:
युक जांगचे नाव आत्ता घेतलेत, ते पहिल्याच परिच्छेदात हवे होते. त्या पूमसेमध्ये दोल्यो चागी चेहऱ्याच्या उंचीवर मारावी लागते, त्यामुळे "सध्या कमरेएवढीच मारा" हा सोपा सल्ला आपल्याला पुरणार नाही.

आपली अडचण मारणाऱ्या पायात नसून टेकलेल्या पायाच्या टाचेत असावी, असा माझा अंदाज आहे. उजवा पाय फिरतो तेव्हा कंबरही डावीकडे वळते आणि तिच्याबरोबर डावी मांडीही वळते. अशा वेळी डावा पाऊल जमिनीला चिकटून राहिला तर वरचा भाग वळलेला आणि खालचा जागच्या जागी, अशी ओढाताण होऊन सगळा पीळ मधल्या गुडघ्यात येतो. गुडघा दुमडण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी बनलेला आहे. असा पीळ सहन करणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून डावी टाच किंचित उचलून, चवड्यावर फिरून, किक बसण्याच्या क्षणी जवळजवळ लक्ष्याकडे रोखलेली असायला हवी. बरेच जण टाच फिरवतात, परंतु उशिरा फिरवतात, म्हणजे किक बसून गेल्यावर. तोवर गुडघ्याने मार खाल्लेला असतो.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर कोणाला तरी पाठीमागून, जमिनीलगत मोबाइल धरून चित्रण करायला सांगा आणि चेहरा, हात, उंची यांपैकी काहीही न बघता केवळ डावी टाच बघा. गुडघा छातीकडे येत असतानाच ती फिरू लागली पाहिजे.

चोनजी:
टाच वळवायलाच हवी, याबाबत सहमत आहे. आमच्याकडेही हेच शिकवतात. फक्त ते आमच्याकडून गेले, असे कोणी लिहीत नाही.

रोजचा_ताण:
खुबा घट्ट असला तर टाच कितीही वळवली तरी कंबर उघडत नाही, हेही लिहावे. अर्धेच सत्य सांगू नये.

टाच_कुठे:
मान्य आहे. खुबा घट्ट असेल तर उंची मिळत नाही, आणि उंचीच्या हट्टापायी माणूस धड मागे टाकून पाय ओढून वर नेतो. परंतु त्याची भरपाई तीन आठवड्यांत ताणाने होणार नाही, टाचेची होऊ शकते, म्हणून टाचेबद्दल लिहिले.

निळापट्टा:
चित्रण केले. आपला अंदाज बरोबर निघाला. किक बसते तेव्हा माझी डावी टाच अजून बाजूलाच असते आणि पाय खाली येताना ती झटक्यात फिरते. गंमत अशी की पूर्वीच्या चित्रणात मी हीच किक मारताना टाच व्यवस्थित फिरलेली दिसते. मग आठवले की दीड महिन्यापूर्वी दोजांगमध्ये नव्या फोमच्या मॅट टाकल्या आहेत. जुन्या गुळगुळीत झाल्या होत्या, नव्यांवर अनवाणी पाऊल अक्षरशः चिकटते, घाम आला की आणखीच. दुखणेही साधारण तेव्हापासूनच आहे. हे लिहायचे राहून गेले.

सावकाश:
जमिनीबद्दल मी पहिल्याच प्रतिसादात विचारले होते.

टाच_कुठे:
मग आता दोन गोष्टी करून पाहा. एक म्हणजे, डाव्या पायात मोजा घालून, गुळगुळीत फरशीवर, जड खुर्चीची पाठ धरून ही किक अगदी सावकाश मारा: आधी टाच वळवा, मग गुडघा उचला, मग पाय उलगडा, मग परत दुमडा. खुर्ची सोडू नका, मोज्यावर पाय घसरतो. हे शरीराच्या अंगवळणी पडले की मॅटवर, किक मारण्यापूर्वीच्या पावलातच डावा पाय थोडा बाहेर वळवून टाका, म्हणजे फिरायचे अंतर कमी उरते. मी स्वतः नव्या मॅटवर टाच उचलायला विसरलो की अजूनही चुकतो. कळ आली तर थांबा, दहाच्या जागी तीन मारा.

निळापट्टा:
खुर्चीचा सराव सुरू केला आहे. सावकाश मारताना कळ येत नाही, वेगाने मारताना अजून येते. परीक्षेत चेहऱ्याऐवजी छातीच्या उंचीवर मारली तर चालते का?

टाच_कुठे:
ते ठरवणार तुमचे सबुम, म्हणजे प्रशिक्षक. आजच त्यांना जाऊन सांगा, परीक्षेच्या सकाळी नको. मी परीक्षक असतो तर मान मोडून चेहऱ्यापर्यंत नेलेल्या किकपेक्षा छातीवर नीट बसलेली किक पसंत केली असती, पण मी परीक्षक नाही.

रोजचा_ताण:
तरीही परीक्षेनंतर पाय फाकवून बसण्याचा सराव सुरू करावा, एवढे सांगून थांबतो.

सावकाश:
आतल्या बाजूची कळ आठवडाभरात कमी झाली नाही, किंवा गुडघा मध्येच अडकल्यासारखा वाटला, तर खुर्ची बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. आणि सूज आहे की नाही, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.