भाजी खा, पण गोळीही घे
मेथी-पालक रोज खाते मग गर्भ राहण्याआधी फोलिक ॲसिडची गोळी कशाला, असं विचारलंयस ना, तर अगं भाजी खाच, पण त्यातलं फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप) उकळताना पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण सरळ मोरीत ओततो. खरी गोम वेळेची आहे. बाळाची न्यूरल ट्यूब, म्हणजे ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी, नीट मिटायला फोलेट लागतं, आणि ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, अपॉइंटमेंट मिळाली तोवर ते काम उरकलेलं असतं! म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, चान्स घ्यायच्या निदान महिनाभर आधीपासून. १९९१ च्या ब्रिटनमधल्या एमआरसी (मेडिकल रिसर्च कौन्सिल) ट्रायलमध्ये आधीच्या बाळाला ही नळी नीट न मिटण्याचा दोष असलेल्या बायकांना ४ मिलिग्रॅम दिलं, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्के घटला. तो मोठा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच हं, आणि फिटची औषधं चालू असतील तर तेही आधीच सांग.