जिप्सी किंग: पुढच्या एक्सलमधून तेलगळती आणि खड्ड्यानंतर स्टिअरिंगची थरथर, मदत हवी आहे

घाटमाथा_४×४
नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, २००४ चं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) मॉडेल. पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचेच, टायर २०५/७० आर१५, पुढे फ्री व्हील हब (चाक एक्सलपासून सोडता येणारे).

५०-६० च्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग जोरात थरथरतं आणि वेग ३० च्या खाली आणेपर्यंत थांबत नाही. गुळगुळीत रस्त्यावर ८० लाही काही त्रास नाही. डाव्या नकलच्या (चाक वळवणारा सांधा) मागून काळं, पातळ तेल गळतं, टायरच्या आतल्या बाजूला पसरतं. उजवीकडे नुसता ग्रीसचा ओलावा आहे. शिवाय फोर व्हील लावून पूर्ण वळवलं की डावीकडून कटकट आवाज येतो.

आतापर्यंत व्हील बॅलन्सिंग, चारही टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे), स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक) आणि डाव्या नकलचं बाहेरचं गोल सील एवढं झालं. डॅम्परनंतर थरथर थांबली होती, पण परत आली. सीलही परत गळतंय. आता गॅरेजमध्ये स्टिअरिंग बॉक्स बदला म्हणतायत. तपासणी कोणत्या क्रमाने करावी? आणि एक्सल उघडलाच तर एकदम काय काय बदलून घ्यावं?

पाटे_शॅकल
स्टिअरिंग बॉक्सला एवढ्यात हात लावू नका. तुमची लक्षणं किंगपिन बेअरिंगची आहेत (किंगपिन म्हणजे नकल ज्यांवर वळते त्या वरच्या-खालच्या पिना).

पुढचा एक्सल जॅकवर घ्या, हौसिंगखाली (एक्सलची बाहेरची नळी) घोडी लावा. चाक वर-खाली धरून (घड्याळातले १२ आणि ६) हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिला तर किंगपिन. नकल आणि हौसिंगच्या टोकाचा गोळा यांच्यामधल्या फटीवर बॅटरी मारून बघा, फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. मग ९ आणि ३ ला धरून हलवा, तिथे टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी दांडी) यांचा खेळ कळतो.

१२-६ ला खेळ मिळाला नाही म्हणून किंगपिन ठीक आहे असं समजू नका. टाय रॉड सोडून नकल हाताने सावकाश फिरवा. सरळ रेषेत येताना खटका लागला, म्हणजे तिथे बसल्यासारखी वाटली, तर बेअरिंगच्या कपात (बाहेरच्या कड्यात) रोलरचे खड्डे पडलेत. ही बेअरिंग पूर्ण गोल कधीच फिरत नाहीत, गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे सगळा मार त्याच जागी बसतो.

किंगपिन बेअरिंग मुद्दाम दाबून बसवलेली असतात. त्या दाबाचं घर्षण चाकाची थरथर जिरवतं. दाब गेला की चाकाला धरून ठेवणारं काही राहत नाही. नवा डॅम्पर हे काम काही दिवस आपल्या अंगावर घेतो, दोष तसाच राहतो.

तेलकट_हात
गळतीचं सांगतो. नकलमध्ये ग्रीस असतं, तेल नव्हे. तिथून पातळ तेल येतंय म्हणजे हौसिंगच्या टोकातलं आतलं एक्सल सील गेलंय. डिफरन्शिअलचं (म्हणजे डिफ, दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) तेल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ करतं आणि बाहेरच्या सीलमधून निघतं. ते बाहेरचं सील तेल अडवायला केलेलंच नाही, चिखल-पाणी बाहेर ठेवायला आहे. म्हणून नुसतं ते बदलून उपयोग झाला नाही.

त्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर (हवा सोडायची तोटी) काढून फुंकर मारा. चिखलाने बुजला असेल तर तेल गरम झाल्यावर आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळतं. तेल फिलर भोकाच्या पातळीपर्यंतच हवं, पुढच्या डिफला साधारण २ लिटर, ८०डब्ल्यू-९० जीएल-५. डाव्या ब्रेक पॅडवर तेल गेलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदला. ब्रेक एका बाजूला ओढला तर थरथरीत भरच पडेल.

घाटमाथा_४×४
तपासलं. डावीकडे ब्रेक दाबूनही १२-६ चा खेळ राहतोय. उजवीकडे खेळ नाही, पण टाय रॉड सोडल्यावर मध्यावर खटका स्पष्ट लागतो. ब्रीदर बुजलेला होता. उघडताना काय जपायचं?

पाटे_शॅकल
मग दोन्ही बाजू एकदमच करा. वरची-खालची मिळून चार किंगपिन बेअरिंग, दोन आतली सील, दोन बाहेरच्या सीलचे सेट, हबची सील, लॉक वॉशर. भाग घेताना चासी नंबर द्या. १९९३ च्या आधीची अरुंद ४१० (जिप्सीचं जुनं मॉडेल) आणि नंतरची रुंद गाडी यांचे शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) वेगळे आहेत.

आधी डिफचं तेल काढा. कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. हब, स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो भाग), मग शाफ्ट काढा. डावा-उजवा शाफ्ट एका लांबीचे नाहीत. किंगपिन काढताना वरची कुठली, खालची कुठली यावर खूण करा आणि शिम (पातळ चकत्या) त्या-त्या किंगपिनसोबत ठेवा. नकल उतरवताना खाली हात धरा, खालचं बेअरिंग सुटून पडतं. बेअरिंगबरोबर कपही नवेच. जुन्या कपात नवं बेअरिंग बसवणं म्हणजे मजुरी पाण्यात.

जोडताना बाहेरचं सील, शाफ्ट आणि टाय रॉड यातलं काहीही न लावता नकल बसवा. किंगपिनचे बोल्ट २० ते ३० न्यूटन मीटर. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा टाय रॉडच्या भोकात अडकवा, काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काट्यावर १ ते १.८ किलो यायला हवेत. कमी आले तर शिम काढा, जास्त आले तर घाला. वर आणि खाली सारख्याच जाडीने बदल करा, नाहीतर नकल मध्यावरून सरकते, शाफ्ट तिरका चालतो आणि नवं आतलं सील एका बाजूने खातं. हे माप बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, ‘हाताला घट्ट लागतंय’ म्हणून सोडून देतात. बाहेरचं सील लावून हाताने बघितलं तर त्याच्याच घर्षणाने नकल घट्ट वाटते. मापाच्या वेळी समोर उभे राहा.

लेथवर_चला
शाफ्ट बाहेर आला की सील जिथे घासतं तिथे नख फिरवून बघा. नख अडकलं तर चर पडलाय, नवं सील तिथे टिकणार नाही. सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवता आलं तर सीलचा ओठ (घासणारी कड) कोऱ्या जागी येतो, नाहीतर लेथवर स्लीव्ह चढवून घ्या. हौसिंगचा गोळा गंजला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. खड्डे खोल असतील तर मेटल पुट्टी भरून घासून गुळगुळीत करा, नाहीतर बाहेरचं सील पहिल्याच पावसाळ्यात फाटेल.

शाफ्ट घालताना उचलून धरा. त्याच्या दात्यांनी सीलचा ओठ कापला जातो, आणि ‘नवं सील पण गळतंय’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच असतं. ओठाला आधी ग्रीस लावा.

कोकण_लो_रेंज
कटकटीबद्दल. तो आवाज डांबरी रस्त्यावर आला की मातीत? जिप्सीला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शिअल नाही, त्यामुळे डांबरावर फोर व्हील लावून वळवलं की गाडी अडते आणि आवाज करतेच. मोकळ्या मातीतही कटकट असेल तर सीव्ही जॉइंट (शाफ्टचा वाकणारा सांधा) बघा. शाफ्ट बाहेर असतानाच जॉइंट धुऊन वाकवा आणि गोळ्यांच्या वाटा तपासा. खड्डे, पिंजऱ्याला तडा किंवा वाटीच्या कडेला भेग दिसली तर जॉइंट बदला. नुसता डिफच्या तेलाने धुपला असेल तर मॉलिब्डेनम ग्रीस ठासून भरा आणि नकलच्या पोकळीत अर्ध्यापर्यंत. व्हील बेअरिंगचं ग्रीस वेगळं.

पुढे कधी उंची वाढवायला लांब शॅकल (पाटे चासीला जोडणारे दुवे) लावू नका. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि थरथर परत येते. उंची हवीच असेल तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर देऊन कॅस्टर परत आणावा लागतो.

घाटमाथा_४×४
आवाज डांबरावरच आला होता, मातीत घेऊन बघतो. उजव्या नकलमध्ये तेल नाही, तरी तिकडचं आतलं सील बदलायचंच का?

तेलकट_हात
हो. शाफ्ट काढून परत घालताना जुना, कडक झालेला ओठ दुखावतो. सगळं जोडल्यावर टो-इन (पुढच्या चाकांची पुढची बाजू किती आत आहे ते) २ ते ६ मिलिमीटरमध्ये आणा, आणि थोडे दिवस चालवल्यावर किंगपिनचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा.