चर्चा: मेडिकल प्रवेशासाठी कन्सल्टंटला पैसे द्यावेत का?

नाशिकची आई:
मुलीचा नीटचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी कन्सल्टंटचे फोन सुरू झाले. तिचे मार्क, कॅटेगरी, माझं नाव, सगळं समोरच्याला तोंडपाठ. "मॅडम, मॅनेजमेंट कोट्यात दोनच सीट उरल्यात, आज टोकन भरा."
माझं मत सरळ आहे, यांना एक रुपया देऊ नका. आपल्याकडे खासगी कॉलेजच्या जागा, अगदी संस्था कोट्यासकट (त्यालाच मॅनेजमेंट कोटा म्हणतात), सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, प्रक्रियेतून भरतात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागा एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल प्रवेश समिती, भरते. मधल्या माणसाच्या हातात जागा असतेच कुठे?

हिंगोलीचा बाप:
ताई, तुमच्या घरात कॉम्प्युटर असेल, इंग्रजी माहितीपत्रक वाचणारं कोणी असेल. माझं किराणा दुकान आहे. मोठ्याच्या वेळी फॉर्म आम्हीच भरला. पसंतीक्रमात खासगी कॉलेज वर गेलं, सरकारी खाली राहिलं. वरचं मिळालं की यंत्रणा खाली बघतच नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. फीमध्ये लाखांचा फरक पडला. धाकटीच्या वेळी लातूरच्या एका माणसाला पंधरा हजार दिले. त्याने मागच्या वर्षीचे कट-ऑफ काढून समोर बसवून यादी करून दिली. ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

फसलेला मामा, सोलापूर:
दादा, तुम्हाला बरा माणूस भेटला. आम्ही भाच्यासाठी एका कन्सल्टंटला दोन लाख दिले. त्याने ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, "प्रवेश न झाल्यास रक्कम परत." तो कागद बघून बहिणीने दागिने मोडले. त्यावर कॉलेजचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता, फक्त सही. प्रवेश झाला नाही आणि पैसेही आले नाहीत. फोन आधी उचलायचा, मग बंदच झाला.
पोलीस स्टेशनला आमच्यासारखे आणखी पालक भेटले, तेव्हा खेळ कळला. तो काहीच करत नाही. वीस जणांकडून पैसे घेतो. त्यातल्या चौघांचा नंबर स्वतःच्या मार्कांवर लागतो. ते चौघे "सरांमुळे झालं" म्हणून पेढे घेऊन जातात, आणि तेच पेढे पुढच्या वर्षीची जाहिरात होतात. पैसे परत द्यायची हमी हाच सापळा आहे.

नाशिकची आई:
मामा, वाचून पोटात गोळा आला. म्हणूनच म्हणते, मुळातच नको. एकदा दार उघडलं की पंधरा हजारवाला कोण आणि दोन लाखवाला कोण, हे पालकाने ओळखायचं कसं?

हिंगोलीचा बाप:
ओळखता येतं, ताई. माझ्या माणसाने पासवर्ड मागितला नाही. ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला, मुलीने स्वतः टाकला. फॉर्म लॉक करायच्या आधी यादीची प्रिंट आमच्या हातात होती. कुठलं कॉलेज मिळेल याचा शब्द त्याने दिला नाही. उलट "या मार्कांवर पुण्याची आशा धरू नका" असं तोंडावर सांगितलं. मुलगी त्या रात्री जेवली नाही, पण खरं कळलं.

फसलेला मामा, सोलापूर:
हे मात्र पटलं. आमच्या वेळी लॉगिन त्याच्याकडेच होतं. निकालानंतर उघडून पाहिलं तर यादीत जेमतेम तीन कॉलेजं, तीही भाच्याच्या मार्कांच्या पलीकडची. मिळणारं कॉलेजही त्याने घालवलं.

नाशिकची आई:
दादा, फॉर्म भरायला मदत लागते, हे मी मान्य करते. पण त्यासाठी पंधरा हजार? ज्यांची मुलं मागच्या वर्षी गेली त्यांनी चार घरांचे फॉर्म बसून भरून द्यावेत. अनुभव फुकट वाटता येतो.

हिंगोलीचा बाप:
वाटता येतो, खरं आहे. पण आमच्या गावात त्या वर्षी मेडिकलला गेलेली माझी एकटीच. यंदा शेजारच्या मुलाला मार्क बरे आहेत. त्याच्या आईला रविवारी बोलावलंय, सोबत मुलीची जुनी यादी काढून ठेवली आहे. पासवर्ड मात्र त्यांनी त्यांच्याच वहीत लिहायचा, मलाही सांगायचा नाही, असं आधीच बजावलंय.